गाडीतला वूफर हॉलमध्ये आणताना

गाडी विकली किंवा तिची म्युझिक सिस्टीम बदलली की डिकीतला बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर, माळ्यावर जाऊन पडतो. पुढे कधीतरी घरात होम थिएटरचा रिसीव्हर येतो आणि त्या वूफरची आठवण होते. डिकीतला खोका जसाच्या तसा उचलून टीव्हीशेजारी ठेवला जातो आणि सगळे हिरमुसतात. गाडीत छातीत घुमणारा बास हॉलमध्ये नुसता ढबढब वाजतो. मग ‘स्पीकर गेला’ म्हणून तो भंगारात जातो. याची मला फार हळहळ वाटते, कारण स्पीकर अगदी ठणठणीत असतो. गाडीत ऐकू येणाऱ्या बासचा मोठा वाटा मुळात गाडीचाच होता.

४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर असते. गाडीची केबिन असते अडीच मीटरच्या आसपास. लहरीची अर्धी लांबी केबिनपेक्षा मोठी झाली, म्हणजे आवाज ७० हर्ट्झच्या खाली उतरला, की लहर आत मावतच नाही. काचा बंद असतील तर स्पीकर तेव्हा केबिनमधल्या सगळ्या हवेचा दाब एकदम कमी-जास्त करू लागतो. मोकळ्या जागेशी तुलना केली तर तिथून पुढे वारंवारिता निम्मी होईल तसा दाब हिशेबाने चौपट, म्हणजे १२ डेसिबलने वाढतो. पत्रा थरथरतो, फटींतून हवा निसटते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं. पण हे सगळं फुकटात मिळतं.

बंद खोक्यातल्या स्पीकरचं वागणं याच्या बरोबर उलट असतं. ज्या वारंवारितेला तो आपसूक डोलतो, त्या त्याच्या अनुनादाच्या खाली वारंवारिता निम्मी झाली की आवाजाचा दाब जवळपास एक चतुर्थांश उरतो. गाडीतला चढ आणि खोक्यातला उतार एकमेकांना भरून काढतात. त्यामुळे गाडीसाठी लहानसा, डिकीत मावणारा खोका पुरतो. हॉलमध्ये उतार तसाच राहतो, चढ मात्र जवळजवळ नाहीसा होतो.

मुळात खोका लागतो तरी कशाला? उघडा वूफर टेबलावर ठेवून त्याला ४० हर्ट्झचा सूर द्या. कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, डोळ्यांना दिसेल इतका हलतो, आवाज मात्र जेमतेम येतो. कोन पुढे येताना समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. लहर इतकी लांब असते, की दोन्हीकडची हवा कडेने वळून एकमेकांना मारून टाकते. मागची बाजू बंद केली की हा प्रश्न मिटतो आणि दुसरी गोष्ट सुरू होते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला तर तो हाताला परत ढकलतो. खोक्यातली हवाही कोनाला तशीच ढकलते. ती एक स्प्रिंगच असते आणि खोका जितका लहान, तितकी ती कडक. एडगर विल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत ए-आर-१ हा स्पीकर याच तत्त्वावर काढला. त्यात कोनाला परत जागेवर आणण्याचं काम मुख्यतः कोंडलेली हवाच करत होती.

कुठल्या स्पीकरला किती हवा द्यायची, हे पुढची काही वर्षं तरी बरंचसं अंदाजानेच ठरत असे. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७२-७३ च्या सुमारास सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी याचं रीतसर गणित मांडलं. बासपुरती स्पीकरची कुंडली तीन आकड्यांत येते. एफएस म्हणजे मोकळ्या स्पीकरचा अनुनाद, व्हीएएस म्हणजे त्याच्या कडांइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर, आणि क्यूटीएस म्हणजे कोन किती चटकन स्थिरावतो (आकडा जितका लहान, तितका चटकन). माझ्या मते घरी स्पीकर बनवणाऱ्याला याहून मोठी देणगी मिळालेली नाही.

समजा, आपल्या वूफरचे आकडे ३० हर्ट्झ, ७५ लिटर आणि ०.५ आहेत. व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागायचं, एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचं. एफएस आणि क्यूटीएस या दोन्हींना त्या उत्तराने गुणायचं. डिकीतल्या २५ लिटरच्या खोक्यात हे उत्तर २ येतं. अनुनाद ६० हर्ट्झवर जातो, क्यू १ होतो. हॉलमधली ढबढब ती हीच, कारण इतक्या क्यूला ८० हर्ट्झच्या आसपास उंचवटा येतो आणि खाली झपाट्याने उतार लागतो. खोका ७५ लिटरचा केला तर अनुनाद ४२ हर्ट्झवर आणि क्यू ०.७ वर येतो. उंचवटा जातो, शिवाय ३० हर्ट्झला सुमारे ४ डेसिबल जास्त मिळतात. स्पीकर तोच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, फक्त हवा तिप्पट.

जुन्या स्पीकरचा कागद हरवलेलाच असतो, तेव्हा हे आकडे मोजायला शिका. त्यातला आनंद वेगळाच आहे. स्पीकर भिंतीपासून दूर, हवेत टांगल्यासारखा धरा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर लावा, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना जोडा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली उतरा. आकडा वाढत जातो, एका जागी उसळतो आणि पुन्हा पडतो. तो उसळला तिथे एफएस. उसळी किती अरुंद आहे, यावरून क्यूटीएस काढता येतो. आता खेळण्यातल्या चिकणमातीचा ६० ग्रॅमचा गोळा वजन करून कोनाच्या मधोमध गोलाकार चिकटवा आणि पुन्हा मोजा. अनुनाद ३० वरून साडेचोवीसवर उतरला, तर हलणाऱ्या भागाचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास आहे. त्यावरून कडांचा लवचीकपणा आणि कोनाच्या क्षेत्रफळावरून व्हीएएस निघतो.

खोक्याला १८ मिलिमीटर एमडीएफ वापरा. आतून ४० × ४२ × ४५ सेंटिमीटर म्हणजे साडेपंचाहत्तर लिटर झाले. चुंबक आणि आधाराच्या पट्ट्या त्यातले दोनतीन लिटर खातात. सुताराकडून फळ्या काटकोनात कापून घ्या, सांधे फेविकॉलने चिकटवा, आतून सिलिकॉन भरा. हवा गळली तर स्प्रिंग उरली नाही. आत उशीत भरतात तो फायबर सैलसर पसरा. दाबलेली हवा तापते, तंतू ती उष्णता शोषून घेतात, त्यामुळे हवा नरम पडते आणि खोका थोडा मोठा असल्यासारखा वागतो. बास वाढवायला खोक्याला पाइप बसवतात, त्या बास रिफ्लेक्सचं भोक पाडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पाइपच्या वारंवारितेच्या खाली कोनाला आवर घालणारी हवा उरत नाही आणि चित्रपटांतले स्फोट नेमके तिथे असतात.

रिसीव्हरवरचं ‘सब आउट’ फक्त सिग्नल देतं, ताकद नाही. स्पीकर ४ ओहमचा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा क्लास-डी, म्हणजे कमी तापणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड चालतो. २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डबीवर) तो जास्तीत जास्त ७० वॅट देईल. हॉलला ते पुरतात. गाडीचा अ‍ॅम्प्लिफायरच वापरायचा हट्ट असेल, तर २०० वॅटसाठी १२ व्होल्टचा सुमारे २० अँपिअरचा पुरवठा लागतो, हे आधी पाहा. दुहेरी कॉइलचा स्पीकर असेल तर जोडण्यापूर्वी पेन्सिल सेल लावून बघा. सेलचं धन टोक कॉइलच्या धन टोकाला लावलं की दोन्ही वेळा कोन बाहेरच यायला हवा. एक कॉइल उलटी लागली तर दोघी एकमेकींना रोखतात, आवाज येत नाही आणि कॉइल नुसती तापते.

मग जागा. १४ फूट लांबीच्या हॉलचा पहिला अनुनाद ४० हर्ट्झला येतो. त्यामुळे सोफ्यावर बास अंगावर येतो आणि दोन पावलं सरकलं की गायब होतो. वूफर तात्पुरता सोफ्यावरच ठेवा, एकच बासचा तुकडा वाजवत ठेवा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यावर फिरा. जिथे आवाज सर्वांत सारखा आणि भरलेला वाटेल, तिथे वूफरची कायमची जागा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज कुठल्या बाजूने येतोय, हे कानाला सहसा कळत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर वूफरखाली जाड रबर घाला, स्लॅबमधून जाणारी थरथर त्याने कमी होते. हवेतून जाणाऱ्या आवाजाला मात्र रबराचा उपयोग नाही. तीच भिंत वारंवारिता निम्मी झाली की ढोबळमानाने ६ डेसिबल कमी अडवते. म्हणून शेजाऱ्यांना संवाद ऐकू येत नाहीत, धडधड तेवढी पोहोचते. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) लावा आणि वूफरची पातळी चार-पाच डेसिबल उतरवा.