देवगिरीचे ताल, बॉस्टनचा ऑर्केस्ट्रा

ऑलिव्हिए मेस्सियां या फ्रेंच संगीतकाराने १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेल्या दहा भागांच्या सिम्फनीचं नाव आहे ‘तुरंगलीला’. ‘संगीतरत्नाकर’मध्ये शार्ङ्गदेवाने १२० देशी ताल दिले आहेत, त्यांतलाच हा एक. तेराव्या शतकातला हा ग्रंथ देवगिरीचा; शार्ङ्गदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. मेस्सियांला ही यादी एका फ्रेंच संगीतकोशात मिळाली. तिच्यासोबत ना ठेका होता, ना बोल. होती ती नुसती लघु-गुरूंची, म्हणजे एक आणि दोन मात्रांची मापं. माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडलं. आवर्तनाचं ओझं नसल्यामुळे या मापांशी तो हवं तसं खेळू शकला.

ढेंकी ताल घ्या: गुरू, लघु, गुरू. म्हणजे २-१-२. उलटा वाचला तरी तोच! अशा लयींचं मेस्सियांला वेडच होतं. ३-५-८-५-३ ही त्याच धाटणीची. कागदावर ही सममिती चटकन दिसते. कानाची गोष्ट वेगळी. त्याला काळ एकाच दिशेने मिळतो, शेवटचा ३ संपेपर्यंत आकृती पुरी होत नाही आणि तोवर पहिला ३ केवळ आठवणीत उरलेला असतो.

पाचव्या भागात तीन लयी एकदम चालतात. एक दर फेरीला लांबते, दुसरी आखडते, तिसरी आहे तशीच राहते. मेस्सियां त्यांना नाटकातली पात्रं मानायचा: एक मारतो, दुसरा मार खातो, तिसरा नुसता बघत उभा!

या सिम्फनीत ‘ओंद मार्तनो’ नावाचं विजेवर चालणारं वाद्यही आहे. मॉरिस मार्तनोने ते १९२८ मध्ये लोकांपुढे आणलं. पहिल्या महायुद्धात तो रेडिओचं काम करत होता आणि युक्तीही रेडिओतलीच. समजा, एका विद्युत मंडलाची कंपनं सेकंदाला ८०,००० आणि दुसऱ्याची ८०,४४०. दोन्ही माणसाला ऐकू येण्यापलीकडची. पण व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशा काचेच्या नळीत, ती मिसळली की त्यांच्यातला फरक, ४४०, स्वर होऊन ऐकू येतो. उजव्या हाताच्या बोटातली, दोरीला जोडलेली अंगठी सरकवली की मींड निघते, म्हणजे स्वर न तुटता एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो. डाव्या हाताखालची कळ जितकी दाबावी तितका आवाज मोठा. सोडली की वाद्य गप्प.

२ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली या सिम्फनीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ही अंगठी मार्तनोची बहीण जिनेत हिच्या बोटात होती.