डोमेन रिनेम आणि डोमेन मायग्रेशन: ॲक्टिव्ह डिरेक्टरी नीट लावताना होणारा घोळ

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे ऑफिसातले युझर, कॉम्प्युटर आणि परवानग्या एका जागून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, आणि डोमेन म्हणजे तिच्यातला नाव दिलेला एक गट. सुरुवातीला कोणीतरी घाईत सर्व्हर उभा केला, डोमेनला नुसतं एकच शब्दाचं नाव दिलं, मध्ये डॉटसुद्धा नाही, किंवा शेवटी .लोकल लावलं, किंवा कंपनीच्या वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं आत वापरलं आणि आता ऑफिसात बसून स्वतःचीच वेबसाइट उघडत नाही. मग कधीतरी मालक म्हणतात की हे सगळं नीट करून घ्या, आणि तिथून रिनेम की मायग्रेशन हा घोळ सुरू होतो. बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण कामं पूर्ण वेगळी आहेत, आणि चुकीचं निवडलं तर शनिवार-रविवार जाऊनही सोमवारी लोकांना लॉगिन होत नाही.

मूळ फरक एसआयडीचा, म्हणजे सिस्टिमने दिलेल्या ओळख क्रमांकाचा आहे. प्रत्येक डोमेनला एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो, आणि युझरचा नंबर म्हणजे तोच अधिक शेवटी त्याचा स्वतःचा आकडा, समजा ११०४. शेअर्ड फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये आपल्याला माणसाचं नाव दिसतं खरं, पण आत साठवलेला असतो हा नंबर. रिनेममध्ये नाव बदलतं, नंबर तोच राहतो, म्हणजे लग्नानंतर आडनाव बदललं तरी आधार नंबर तोच असतो तसं, त्यामुळे परमिशन्सना धक्का लागत नाही. मायग्रेशनमध्ये नवीन डोमेन, नवीन एसआयडी, आणि युझर, ग्रुप, कॉम्प्युटर सगळे तिकडे न्यायचे, म्हणजे जुन्या फोल्डरच्या दृष्टीने तो माणूस अनोळखीच.

हे वाचून रिनेमच सोपं वाटेल, पण थांबा. रिनेमसाठी रेनडॉम नावाचं टूल आहे, फॉरेस्टची (म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनच्या सगळ्या समूहाची) फंक्शनल लेव्हल किमान विंडोज सर्व्हर २००३ ची लागते, आणि आधी लिस्ट, मग एक्सएमएल फाइलमध्ये नवीन नावं, मग अपलोड, प्रिपेअर, एक्झिक्यूट असं क्रमाने जायचं. अपलोड केल्यापासून एंड कमांड देईपर्यंत फॉरेस्ट गोठलेलं असतं, नवीन डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, जोडता येत नाही. डीसीलिस्ट फाइलमध्ये प्रत्येक कंट्रोलरची स्थिती दिसते, आणि एखादा डन झालाच नाही तर त्याला डोमेनमधून काढून पुन्हा प्रमोट करण्यावाचून, म्हणजे परत कंट्रोलर बनवण्यावाचून, इलाज नसतो. एक्झिक्यूटनंतर सगळे कंट्रोलर रीबूट होतात, आणि प्रत्येक क्लायंट मशीन दोनदा रीबूट करावं लागतं. जो लॅपटॉप घरी व्हीपीएनवर आहे आणि तेवढ्यात रीबूट झालाच नाही, तो जुन्या नावाच्या खुणा पुसणाऱ्या क्लीन कमांडनंतर बाहेर राहतो, मग हाताने डोमेनमधून काढून परत जॉइन करा. ग्रुप पॉलिसीसाठी, म्हणजे सगळ्या मशीन-युझरना लागू होणाऱ्या नियमांसाठी, जीपीफिक्सअप हे टूल वेगळं चालवायचं, आणि डोमेन कंट्रोलरच्या स्वतःच्या नावातला जुना डीएनएस सफिक्स (नावामागे लागणारं डोमेनचं नाव) आपोआप बदलत नाही, तो नेटडॉम कमांडने बदलावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे आत मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर एक्सचेंज, २००७ किंवा त्यानंतरचा, असेल तर रिनेम सपोर्टेडच नाही, विषय संपला. तसंच रिनेमने दोन डोमेन एकत्र होत नाहीत. प्रत्येक ब्रँचला वेगळं चाइल्ड डोमेन (मुख्य डोमेनखालचं उपडोमेन) काढून ठेवलंय, जिथे नुसता ओयू, म्हणजे डोमेनच्या आतला एक कप्पा, पुरला असता, तिथे रिनेम काहीच कामाचं नाही, युझर हलवावेच लागतात.

मायग्रेशनचं मोठं बळ म्हणजे जुनं आणि नवीन शेजारी शेजारी चालतं, आज अकाउंट्सची दहा माणसं न्या, बिघडलं तर तेवढेच अडतील. अर्थात हे नवीन फॉरेस्टमध्ये नेत असाल तर, कारण तिथे युझर कॉपी होतो. एकाच फॉरेस्टमध्ये तो मूव्ह होतो, जुन्या जागी उरत नाही, त्यामुळे मागे फिरणं अवघड. जुन्या परमिशन्ससाठी एसआयडी हिस्टरी असते, म्हणजे नवीन अकाउंटवर जुना नंबरही चिकटवायचा. पण फॉरेस्ट ट्रस्टवर, म्हणजे दोन फॉरेस्टमधल्या विश्वासाच्या जोडणीवर, ती मुळात बंद असते, नेटडॉमने चालू करावी लागते, आणि ‘युझर नेला पण फोल्डर उघडत नाही’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. दुसरी गोष्ट, नवीन डोमेनचं नेटबायोस नाव, म्हणजे डोमेनचं छोटं नाव, जुन्यासारखंच ठेवू नका, दोन्हीकडे एकच नाव असेल तर ट्रस्टच बनत नाही. लोक हौसेने जुनंच छोटं नाव ठेवतात आणि सगळं उभं केल्यावर अडकतात.

आता मनापासून सांगतो, खूप जणांना यातलं काहीच करायची गरज नसते. .लोकल आहे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ईमेल पत्त्याने लॉगिन हवंय, एवढंच दुखणं असेल तर सर्व्हरवरच्या डोमेन्स अँड ट्रस्ट्स या टूलमध्ये जाऊन नवीन यूपीएन सफिक्स (ईमेलसारख्या लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) टाका, युझरना तो लावा, काम झालं. कुठल्या ॲप्लिकेशनमध्ये कोणी जुना यूपीएन टाकून लॉगिन करतं का तेवढं आधी बघा. पण एक शब्दी डोमेन असेल, किंवा चाइल्ड डोमेनचं जंगल असेल, तर मी तरी नवीन फॉरेस्ट उभं करून मायग्रेशनच करेन, आणि नाव देताना कंपनीच्या विकत घेतलेल्या डोमेनचं सबडोमेन, पुढे एडी किंवा कॉर्प लावून. जुना डोमेन कंट्रोलर मात्र लगेच डिमोट करू नका, म्हणजे त्याची ती भूमिका काढून टाकू नका, आधी काही दिवस नुसता नेटवर्कवरून काढून ठेवा, म्हणजे कुठला स्कॅनर, कुठलं अटेंडन्स मशीन, कुठला बॅकअप जॉब अजून जुन्या अकाउंटने लॉगिन करत होता ते तक्रारींवरून कळेल आणि परत केबल लावायची सोय राहील.