मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट की मिररलेस : ग्रामीण विदर्भातील कॅमेऱ्याची निवड

मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स कायमची जोडलेला, खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा, पण आत सर्वसाधारण मोबाइलपेक्षा कितीतरी मोठा सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारी चिप) असलेला कॅमेरा. मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते. जुन्या घडणीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला आरसा त्यात नसतो, त्यामुळे दृश्य थेट सेन्सरवरून मागच्या पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. दोहोंच्या किमती बरेचदा एकमेकींना भिडतात, सेन्सरही कधी कधी एकाच मापाचा असतो, म्हणून घेणारा अडतो. विदर्भाच्या खेड्यात तर हा प्रश्न नुसता तपशीलपत्रक वाचून सुटत नाही. इथले ऊन वेगळे, धूळ वेगळी, आणि टिपण्याजोग्या गोष्टींपैकी काही हाताच्या अंतरावर, तर काही जंगलात लांब उभ्या.

मिररलेसची सुरुवात पॅनासॉनिकच्या २००८ मधील जी१ पासून धरतात. मायक्रो फोर थर्ड्स या सेन्सर-लेन्स पद्धतीचा तो पहिला कॅमेरा. २०१३ मध्ये सोनीचा फुल-फ्रेम (३५ मिमी. फिल्मच्या मापाच्या सेन्सरचा) ए७ आला आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही फुल-फ्रेम मिररलेस काढले. कॉम्पॅक्टची वाटचाल याला समांतर झाली. सिग्मा डीपी१ (२००८), फुजीफिल्म एक्स१०० (२०११), सोनी आरएक्स१०० (२०१२) आणि रिको जीआर (२०१३) हे तिचे टप्पे. मोबाइलने साधे कॉम्पॅक्ट बाजारातून जवळजवळ घालवले. हे मात्र टिकले.

‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी. असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या व्यासावरून चिकटले आहे, सेन्सरच्या बाजूशी त्याचा संबंध नाही. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी., एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी. (कॅननचा किंचित लहान) आणि फुल-फ्रेम ३६ × २४ मिमी. क्षेत्रफळ पाहिले तर एपीएस-सी एक इंचीच्या तिपटीहून मोठा. सेन्सर मोठा तेवढा त्यावर पडणारा एकूण उजेड जास्त आणि अंधारातल्या फोटोत दाणा कमी, हे खरेच आहे. पण दुकानात गल्लत होते ती इथेच, कारण उजेड सेन्सरपर्यंत पोचवते लेन्स.

एपीएस-सी मिररलेससोबत खोक्यात येणारी १६–५० किंवा १८–५५ मिमी.ची लेन्स (मिमी. जास्त तेवढे लांबचे जवळ दिसते) बहुधा एफ/३.५ ते एफ/५.६ एवढीच उघडते; एफपुढचा आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. एक इंची सेन्सरच्या आरएक्स१००च्या तिसऱ्या ते पाचव्या आवृत्तीतली लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८ उघडते. सेन्सरच्या मापातला फरक धरून दोन्ही फुल-फ्रेमच्या हिशेबात मांडले, तर कॉम्पॅक्टचे आकडे सुमारे एफ/४.९ ते एफ/७.६ येतात आणि मिररलेसचे एफ/५.३ ते एफ/८.४. म्हणजे तिपटीने मोठा सेन्सर असूनही खोक्यातल्या लेन्सवर चालणारा मिररलेस अंधारात त्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या पुढे जात नाही. एफ/१.८ची ३५ किंवा ५० मिमी. लेन्स वेगळी घेतली की तो पुढे जातो, आणि मग फारच पुढे जातो. म्हणून किमतीची तुलना करताना ही दुसरी लेन्स मिररलेसच्या खात्यात आधीच मांडून ठेवावी.

याचा खरा कस लागतो झाडीपट्टीत. दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत मंडईच्या (जत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव नाटके लागतात. वडसा (देसाईगंज) हे या नाटक कंपन्यांचे ठाणे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मंचावर भडक उजेड आणि समोर चादरी अंथरून बसलेल्या माणसांवर जवळजवळ अंधार. मंचापाशी बसले तर एफ/२, १/१०० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणाही वाढतो) ३२००च्या आसपास नटाचा चेहरा नीट येतो. पण तिथून मागे वळून, मांडीवर झोपी गेलेल्या पोराच्या अंगावर शाल ओढणारा आईचा हात टिपायचा असेल तर आयएसओ ६४००च्याही वर जावे लागते. तिथे एक इंची सेन्सर दमतो; एपीएस-सी सेन्सर आणि एफ/२ लेन्स असलेली एक्स१०० मालिका किंवा मोठ्या छिद्राची लेन्स लावलेला मिररलेस ते काम करतो. एलईडीच्या झोतात इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नये, चित्रावर आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने यांत्रिक शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलेले बरे.

पण निवडीचा कणा उजेड नसून अंतर आहे. ज्याच्याकडे पायी चालत जाता येते त्याच्यासाठी कॉम्पॅक्ट आणि ज्याच्याकडे जाता येत नाही त्याच्यासाठी मिररलेस, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही आणि मोबाइलही सोबत नेता येत नाही. वाघ ३० मीटरवर आडवा उभा आहे असे समजा. फुल-फ्रेमच्या हिशेबातल्या २८ मिमी.च्या दृश्यकोनात, म्हणजे जीआरसारख्या कॅमेऱ्यात, त्या अंतरावर चौकटीची रुंदी सुमारे ३८.५ मीटर भरते. शेपटीसकट पावणेतीन मीटरचा वाघ त्यात रानातल्या एका पिवळ्या ठिपक्याएवढा उरतो. आरएक्स१००ची सहावी-सातवी आवृत्ती २०० मिमी.पर्यंत जाते, तिच्यात रुंदी ५.४ मीटर होते आणि वाघ अर्धी चौकट भरतो. एपीएस-सी मिररलेसवर ४०० मिमी.ची लेन्स लावली तर ती ६०० मिमी.सारखी वागते, रुंदी १.८ मीटरवर येते आणि चेहरा-छातीचे चित्र मिळते. गोंदियाच्या तलावांवरचे सारस असोत की मेळघाटातले गवे, गणित हेच. एक्स१०० व्ही-आयमध्ये (मालिकेतल्या सहाव्या कॅमेऱ्यात) ४० मेगापिक्सेल असल्याने ३५ मिमी.चे चित्र कापून ७० मिमी.सारखे करता येते, पण मग १० मेगापिक्सेलच उरतात. कापाकापीने जंगल साधत नाही.

याउलट कापसाच्या वावरात लांब लेन्स निरुपयोगी ठरते. वेचणीला आलेल्या बाया पऱ्हाटीच्या ओळीत कमरेएवढ्या बुडालेल्या असतात. एक हात बोंडाला धरतो, दुसरा त्यातला कापूस एका झटक्यात ओढून कमरेच्या ओटीत टाकतो. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरबाडतात, नखांच्या कडेला बारीक रेघा पडलेल्या दिसतात. हे टिपायला हातभर अंतर लागते आणि त्या अंतरावर असू देण्याची त्या बाईची मर्जी लागते. मोठी लेन्स रोखली की ती पदर सावरते, मान खाली घालते, काम थांबवते. जीआर ३ बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅमचा आहे आणि त्याचे शटर जवळजवळ ऐकू येत नाही. पोळ्याच्या सकाळी बैलाच्या शिंगांना रंग लावणारा म्हातारा असो, बंडीचे चाक बसवणारा सुतार असो की मोहफुले वेचणारी पोर, घरच्या माणसांत आणि ओळखीच्या गावात या लहान कॅमेऱ्याचे मोल मोठ्याला येत नाही.

उन्हाच्या बाबतीतही कॉम्पॅक्टची एक बाजू जमेची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. एप्रिलच्या दुपारी डोक्याला दुपट्टा बांधलेल्या माणसाचे कपाळ आणि डोळे पार काळोखात जातात, हनुवटी मात्र उजळते. तिथे थोडा फ्लॅश मारावा लागतो. भर उन्हात एफ/४ आणि आयएसओ १०० वर शटर सुमारे १/१६०० सेकंद हवे. मिररलेसचे पडदा-शटर फ्लॅशशी साधारण १/१६० ते १/२५० पर्यंतच जुळते. त्यापुढे हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरशी जुळण्याची सोय) असलेला वेगळा फ्लॅश लागतो आणि त्याची ताकद घटते. आरएक्स१०० आणि एक्स१०० यांत लेन्सच्या आतच पाकळ्यांसारखे उघडणारे लीफ शटर असते, ते असल्या वेगावरही फ्लॅशशी जुळते. त्यांचा अंगचा इवलासा फ्लॅश दीड-दोन मीटरवरचा चेहरा उजळायला पुरतो. जीआर ३ला मात्र अंगचा फ्लॅश नाही.

धुळीचा मामला दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. मिररलेसची लेन्स उघड्यावर बदलली की काळ्या मातीची भुकटी, वणी-घुग्घुसकडे कोळशाची पूड आणि जिनिंग गिरणीजवळ कापसाचे तंतू थेट सेन्सरवर बसतात. एफ/२ वर ते दिसत नाहीत; एफ/११ वर मोकळ्या आभाळात काळे ठिपके होऊन उभे राहतात. पण हवेच्या फुग्याने, फार तर ओल्या स्वॅबने ते निघतात. कॉम्पॅक्ट बंद डबीसारखा असतो म्हणून तो सुरक्षित, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. आत-बाहेर सरकणारी लेन्स पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. प्रस्तुत लेखकाच्या झूम कॉम्पॅक्टमध्ये जिनिंगच्या एकाच दुपारनंतर सेन्सरवर तंतू अडकला. तो काढायला कॅमेरा पूर्ण खोलावा लागला आणि दुरुस्तीचे बिल त्याच्या जुन्या किमतीच्या जवळ गेले. कॉम्पॅक्टची लेन्स अडकली की अख्खा कॅमेरा बसतो. मिररलेसची लेन्स गेली तर बॉडी शाबूत राहते आणि शेजारच्या गावच्या फोटोवाल्याची लेन्स मागून लग्न निभावता येते. सर्व्हिस सेंटर शे-दोनशे किलोमीटरवर असताना ही गोष्ट लहान नव्हे.

बहुतेक कंपन्या कॅमेरा ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असे सांगतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. फोटोंना सहसा अडचण येत नाही. सलग व्हिडिओला येते, आणि छोट्या शरीराच्या कॉम्पॅक्टला ती आधी येते. कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळू नये. पांढऱ्या कापडी पिशवीत सावलीला ठेवावा. जीआर ३ची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटोंचीच आहे, म्हणून जोड-बॅटरी आणि पॉवर बँक लागतेच. पूर्वेच्या धानपट्ट्यात पावसाळाभर लेन्सला बुरशीचा धोका असतो; घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवलेली लेन्स टिकते.

फोटोग्राफीवर पोट असेल तर फार विचार करू नये, मिररलेसच घ्यावा. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तासन्‌तास व्हिडिओ लागतो, मांडवात मागे सरकायला जागा नसल्याने लेन्स बदलावी लागते, आणि दोन कार्डांवर एकाच वेळी साठवण्याची सोय असेल तर वऱ्हाडाचा दिवस वाया जाण्याचा धोका उरत नाही. ही सोय वरच्या किमतीच्या मिररलेसमध्येच मिळते. हळद लागताना मात्र लेन्सला फिल्टर आणि कड्याला प्लास्टिक हवेच. ती पूड फोकसच्या कड्यात शिरली की कडे करकरायला लागते.

एकच कॅमेरा परवडणार असेल आणि वावर व जंगल दोन्ही हवे असेल, तर लहान मिररलेसवर चपटी लेन्स हा मधला मार्ग आहे. कॅनन आर५० (३७५ ग्रॅम) आणि २८ मिमी. एफ/२.८ लेन्स (१२० ग्रॅम) मिळून ४९५ ग्रॅम होतात. एक्स१०० व्ही-आय एकटा ५२१ ग्रॅमचा आहे. लांब लेन्स पुढच्या हंगामाच्या पैशांवर घेता येते. जुना कॅमेरा घ्यायला नागपूरला सीताबर्डीवर जाल तेव्हा एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा, झूम दहा वेळा आत-बाहेर करून आवाज ऐकावा, आणि लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून आत पांढरट जाळे तर नाही ना हे बघूनच पैसे मोजावेत.