दुय्यम राउटर : ॲक्सेस पॉइंट म्हणून वापर आणि वायफाय तुटण्याची कारणे

घरातील मुख्य राउटरचे वायफाय जिथे पोहोचत नाही त्या खोलीपर्यंत तार न्यायची, तिथे दुसरा, बहुधा जुना पडून राहिलेला राउटर बसवायचा आणि त्याच्याकडून केवळ वायफाय पसरवण्याचे काम करून घ्यायचे, या पद्धतीत त्या दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. पद्धत स्वस्त आहे. नीट जमली तर रिपीटरपेक्षा, म्हणजे हवेतूनच वायफाय पकडून पुढे पसरवणाऱ्या डब्यापेक्षा, कितीतरी भरवशाची आहे, कारण साध्या रिपीटरला एकाच लहरीवर ऐकायचे आणि बोलायचेही असल्याने वेग निम्म्यावर येतो. नीट जमली नाही तर मात्र ‘नेट येतं-जातं’ ही तक्रार सुरू होते. फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण व्हिडिओ नुसता फिरत राहतो. चालू मीटिंगमधून माणूस बाहेर फेकला जातो. दोन मिनिटांनी सगळे आपोआप सुरळीत. घरचे लोक नेटवाल्याला फोन करतात, प्लॅन वाढवून घेतात. दोष पुष्कळदा घरातच असतो : आपण आता राउटर नाही, हे त्या दुसऱ्या डब्याला कुणी सांगितलेलेच नसते.

फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूस डबा बहुधा दाराजवळ किंवा हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावून जातो, कारण तार तिथवर आणणे सोपे असते. पुढे काँक्रीटच्या दोन भिंती, मधे लोखंडी कपाट, त्याचा आरसा, आणि मग आतली खोली. जुन्या वाड्यांच्या दगडी किंवा कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींत वायफायची जलद पण कमी पल्ल्याची ५ गिगाहर्ट्‌झची लहर एकाच भिंतीत दमते. २०२०च्या टाळेबंदीत आतली खोली हीच कचेरी आणि शाळेचा वर्ग झाली, तेव्हा माळ्यावरचे जुने राउटर अनेक घरांत पुन्हा खाली उतरले.

एका डब्यातील चार कामे : ज्याला आपण राउटर म्हणतो तो प्रत्यक्षात चार यंत्रांचा संसार आहे. घरातले आणि बाहेरचे जाळे यांच्यामधले दार म्हणजे खरा राउटर. घरातल्या प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा पत्ता वाटणारा तो डीएचसीपी सर्व्हर. मागच्या तीन-चार लॅन (घरातल्या जाळ्याच्या) खाचांना एकमेकींशी जोडणारा स्विच. आणि तारेतली माहिती हवेत सोडणारा ॲक्सेस पॉइंट. दुसऱ्या डब्याने यांपैकी शेवटची दोनच कामे करायची असतात. पहिली दोन चालू राहिली की एका घरात दोन कारभारी होतात, आणि वायफाय तुटण्याच्या तक्रारींचा मोठा भाग या दोन कारभाऱ्यांच्या ओढाताणीतून येतो.

घरगुती जाळ्यांसाठी पत्त्यांचे काही पट्टे १९९६ साली जगभर राखून ठेवण्यात आले. त्यांतला १९२.१६८ने सुरू होणारा पट्टा राउटर बनवणाऱ्यांनी उचलला, आणि कारखान्यातून निघणारे बहुसंख्य राउटर स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असाच घेऊन येतात. जिओच्या राउटरचा १९२.१६८.२९.१ असा थोडा वेगळा असतो. म्हणजे घरातले दोन्ही राउटर एकाच पत्त्यावर बसलेले असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

असे झाले तर काय होते हे जवळून पाहण्याजोगे आहे. फोनला बाहेर काही पाठवायचे असले की तो आधी घरच्या जाळ्यात हाक देतो : १९२.१६८.१.१ कोण? हाक देण्याचा हा रिवाज १९८२ साली ठरला. त्याचे नाव एआरपी. जो उत्तर देईल त्याची ओळख फोन थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि पुढचे सारे त्याच्याकडे सोपवतो. काही वेळाने पुन्हा हाक देतो. उत्तर देणारा खरा की खोटा याची शहानिशा या रिवाजात नाही. हाकेला दोन्ही राउटर ‘मीच तो’ म्हणतात. मुख्य राउटरचे उत्तर धरले गेले तर नेट चालते. दुय्यमचे धरले गेले तर फोन आपली माहिती अशा दाराशी नेऊन ठेवतो ज्याच्या पलीकडे भिंत आहे. पुढच्या हाकेला पुन्हा नवा डाव. म्हणूनच हे तुटणे येऊन-जाऊन असते, आणि म्हणूनच तंत्रज्ञ घरी येतो त्या दहा मिनिटांत सगळे नेमके ठीक चालते.

डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिला तर घोळ वेगळ्या वाटेने होतो. नव्याने जोडलेला फोन ‘मला पत्ता द्या’ असे सर्वांना ऐकू जाईल असे विचारतो, आणि बहुधा ज्याचा जबाब आधी येईल त्याचा पत्ता घेतो. दुय्यम राउटर पत्ता देताना बाहेरचे दार म्हणून स्वतःचेच नाव सांगतो. पत्ता मुदतीचा असतो. ही मुदत काही राउटरांत दोन तास तर काहींत पूर्ण दिवस असते, आणि अर्धी उलटली की फोन ज्याच्याकडून पत्ता घेतला त्याच्याकडेच ती वाढवून मागतो. परिणामी चुकीच्या दाराशी बांधलेला फोन तिथेच बांधलेला राहतो. एअरप्लेन मोड लावून काढला की नेट येते, हा घरोघरीचा अनुभव यामुळेच खरा आहे. आणि त्याच उपायाने चालू असलेले नेट कधी जाते, हेही त्याच कारणाने. आईच्या फोनवर चालते, मुलाच्या लॅपटॉपवर चालत नाही आणि संध्याकाळी उलटे होते, असे ऐकले की आधी डीएचसीपीचीच शंका घ्यावी.

जोडणीची रीत : बऱ्याच राउटरांच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा तयार पर्याय असतो. तो असेल तर तोच निवडावा. बाकी सारे तो स्वतः जुळवतो, वॅनची (बाहेरच्या जाळ्याची) खाचही बहुधा लॅनसारखी वापरू देतो आणि आपला पत्ता मुख्य राउटरकडून घेतो. पर्याय नसेल तर दुय्यम राउटर आधी एकट्यानेच लॅपटॉपला तारेने जोडावा. मुख्य राउटरची तार या वेळी त्यात नको. त्याचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पण कुणाला न दिलेला असा करावा, उदाहरणार्थ मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२. हा पत्ता मुख्य राउटर वाटत असलेल्या क्रमांकांच्या बाहेरचा हवा. मग डीएचसीपी बंद करून सेव्ह करावे. क्रम असाच ठेवावा, कारण डीएचसीपी आधी बंद झाला तर लॅपटॉपला हाताने पत्ता दिल्याशिवाय राउटरच्या सेटिंगचे पान उघडत नाही. राउटर आयपीव्ही६चे, म्हणजे नव्या लांब पद्धतीचे, पत्तेही वाटत असेल तर तेही बंद करावे. ही पायरी बहुतेकांची राहून जाते. शेवटी तारेचे एक टोक मुख्य राउटरच्या लॅन खाचेत आणि दुसरे दुय्यमच्या लॅन खाचेत लावावे. वेगळ्या रंगाची वॅनची खाच रिकामी राहते, आणि ती रिकामी पाहून कुणीतरी भल्या हेतूने तार तिथे हलवतो. तशी हलवली तर दुय्यम राउटर पुन्हा राउटर होतो : नेट कदाचित चालेल, पण आतल्या खोलीतल्या फोनला हॉलमधला प्रिंटर किंवा टीव्ही दिसेनासा होईल.

दोन डब्यांमध्ये एकच तार असावी. ‘वेग वाढेल’ म्हणून दुसरी तार जोडली, किंवा तार असताना दुय्यम राउटरमधली बिनतारी रिपीटरची जोडणीही चालू राहिली, तर माहिती गोल फिरत राहते आणि काही सेकंदांत सारे जाळे गुदमरते. महागड्या स्विचांत अशी फेरी ओळखून तोडण्याची सोय असते. घरगुती डब्यात तिच्यावर विसंबू नये.

तार : वायफायची तक्रार असली की तारेकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. इथरनेटच्या तारेत आठ बारीक तारा, चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. फक्त गिगाबिटला लागणाऱ्या जोड्यांतली एक तार तुटली तर जोडणी बहुधा बंद न पडता गुपचूप १०० वर उतरते. अर्धवट चिकटलेली असेल तर तासाला चार वेळा तुटते आणि जुळते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका घरात तार हॉलमधून बाल्कनीत आणि तिथून बेडरूमच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती. रात्री खिडकी ओढली की तार दबायची, सकाळी उघडली की सुटायची. तीन महिने रोज रात्रीच नेट जाते म्हणून शेजाऱ्यांच्या वायफायला दोष दिला जात होता. तारेचा तेवढा तुकडा हातात घेतला तेव्हा वरचे प्लास्टिक चपटे होऊन आतली केशरी तार उघडी पडली होती. भिंतीत भोक पाडून तार सरळ घेतली आणि तक्रार मिटली.

तार घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का हे विचारावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार बाजारात सर्रास मिळते. ती वाकवली की आतून तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. साध्या घरासाठी कॅट ५ई पुरेशी आहे, अंतराची मर्यादा १०० मीटर. टोकाचे प्लग क्रिम्प करताना (चिमट्याने दाबून बसवताना) रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा. आठ तारा नुसत्या ‘कशातरी सरळ’ लावल्या तर जोड्यांचे पीळ चुकतात. दिवा लागतो, पण ओझे पडले की जोडणी ढासळते.

एका खोलीतून दुसरीत जाताना : हॉलमधून आतल्या खोलीत चालत गेल्यावर कॉल तुटत असेल तर तो प्रश्न हस्तांतराचा आहे. कोणत्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचे हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि फोन सवयीने जुन्यालाच धरून बसतो. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप) खाली गेल्यावर दुसरा शोधू लागतो, आणि माहितीची देवाणघेवाण चालू असताना नवा सिग्नल निदान ८ डेसिबलने सरस असेल तरच उडी घेतो. तोवर हॉलमधल्या राउटरचा क्षीण धागा ताणला जात असतो. यावर पुष्कळजण दोन्ही राउटरांची शक्ती वाढवतात, आणि ते नेमके उलटे पडते. फोन हॉलच्या राउटरला आणखी लांबपर्यंत ऐकू शकतो. पण फोनचा स्वतःचा आवाज लहानच असतो, तो राउटरपर्यंत पोहोचत नाही. खूण पूर्ण आणि नेट शून्य ही अवस्था अशी येते. मुख्य राउटरची शक्ती ‘मध्यम’वर आणून पाहावी.

दोन्हीकडे वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षर न अक्षर सारखा ठेवावा. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ असेल तर काही फोन मधेच अडतात. ८०२.११ के, व्ही आणि आर ही मानके हस्तांतर सुकर करण्यासाठी आहेत. जुन्या राउटरांत ती क्वचित असतात, आणि ‘आर’ चालू केल्यावर काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत. ज्या घरात माणूस एकाच खोलीत बसून काम करतो तिथे आतल्या राउटरला वेगळे नाव देऊन लॅपटॉप कायमचा त्यालाच जोडणे, हा साधा उपाय प्रस्तुत लेखकाला सर्वांत पसंत आहे.

चॅनेल : नाव सारखे असले तरी चॅनेल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातला कप्पा, वेगळे हवे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एक डबा १ वर, दुसरा ११ वर, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. चाळीसची रुंदी दाटीच्या सोसायटीत वापरू नये. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात गळतो, म्हणून जेवण गरम करण्याच्या वेळी तुटणारे नेट हा योगायोग नसतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला खेटून ठेवली तरी याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्ये तो मोजून दाखवला.

५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा प्रशस्त आहे, पण ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारांचा पहिला हक्क आहे. रडारची चाहूल लागली की राउटरने दहा सेकंदांत ते चॅनेल सोडायचे, अर्धा तास तिथे परतायचे नाही, आणि असेच दुसरे चॅनेल घ्यायचे तर आधी एक मिनिट नुसते ऐकत राहायचे, असा नियम आहे. हवामानाची सी-पट्ट्यातली रडारे याच टापूत चालतात. मुंबईत वेरावलीचे डॉप्लर रडार सी-पट्ट्यातले आहे. रडार नसतानाही राउटरला भास होऊ शकतो. दिवसातून दोन-तीनदा ५ गिगाहर्ट्‌झचे नाव मिनिटभर यादीतूनच नाहीसे होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांत हाताने बांधून टाकावे.

निदान : अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा लॅपटॉपवर पिंग आज्ञेच्या (दिलेल्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक देऊन उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) दोन खिडक्या शेजारीशेजारी चालू ठेवाव्यात, एकीत मुख्य राउटरचा पत्ता, दुसरीत ८.८.८.८ हा गूगलचा बाहेरचा पत्ता. नेट गेले त्या क्षणी दोन्ही थांबल्या तर बिघाड घरात आहे. पहिली चालू राहून दुसरीच थांबली, आणि घरात दोन कारभारी नाहीत याची खात्री असेल, तर तो मुख्य राउटरच्या पलीकडे आहे, आणि तेव्हा नेटवाल्याला खुशाल फोन करावा. मग लॅपटॉप तारेने दुय्यम राउटरच्या खाचेत लावून हेच पुन्हा पाहावे. तारेनेही तुटत असेल तर चॅनेल आणि भिंती यांचा विचारच सोडून द्यावा. लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही, बहुधा तार किंवा मुख्य राउटरचा डीएचसीपी बंद आहे. पत्त्याशेजारी ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दुय्यम राउटरचा क्रमांक दिसला तर दोन कारभाऱ्यांचा पुरावा हाती आला.

राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ही पाहावा. काल लावलेला डबा वीस मिनिटांपासूनच चालू आहे असे तो सांगत असेल तर तो स्वतःच बंद पडून उठतो आहे. जुन्या राउटरचा ॲडॅप्टर काही वर्षांनी कमजोर होतो. बारा व्होल्ट लिहिलेले असते, पण वायफायचे ओझे पडले की दाब खाली बसतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर भार घेईपर्यंतच्या क्षणभरातही असा डबा बंद पडतो आणि उठायला दोन मिनिटे घेतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा ॲडॅप्टर एक दिवस उसना आणून लावला की खरेखोटे कळते.