गेल्या गणपतीची फिल्म यंदा चालेल का?

जुलै उजाडला की पुण्यातल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानांत मंडळांच्या आणि ढोल-ताशा पथकांच्या टी-शर्टांची कामं सुरू होतात. डिझाइन बहुधा तेच असतं, बदलतं फक्त वर्ष. मग माळ्यावरची जुनी पॉझिटिव्ह, म्हणजे डिझाइन काळ्यात उतरवलेली पारदर्शक फिल्म, खाली येते, उजेडासमोर धरली जाते आणि काळं ते काळं दिसलं की थेट एक्सपोजरला, म्हणजे जाळीवर ठेवून प्रकाश द्यायला, लागते. इथेच फसगत होते. आपल्या डोळ्याला जे काळं दिसतं, ते जाळीवर चढवलेल्या प्रकाशसंवेदी थरासाठी, म्हणजे इमल्शनसाठीही, काळं असेलच असं नाही.

फोटो इमल्शन कडक होतं ते साधारण ३५० ते ४२० नॅनोमीटरच्या, म्हणजे अतिनील आणि जांभळ्या प्रकाशाने. काळ्या भागाखाली प्रकाश पोचत नाही, तिथलं इमल्शन धुताना निघून जातं आणि शाईला वाट मिळते; हा तयार साचा म्हणजे स्टेन्सिल. त्यामुळे पॉझिटिव्हचा कस एवढ्याच पट्ट्यात लागतो. काळ्या भागाची डेन्सिटी, म्हणजे प्रकाश अडवण्याची ताकद, २ असेल तर शंभरावा भाग प्रकाश आरपार जातो, ३ असेल तर हजारावा, ४ असेल तर दहाहजारावा. चांदीची जुनी लिथ फिल्म (जिच्यात काळा भाग चांदीच्या कणांचा असतो) नीट डेव्हलप झालेली असेल तर ४ गाठते. चांगली इंकजेट फिल्म ३ च्या आसपास असते. बटर पेपरवर काढलेली लेसर प्रिंट मात्र जेमतेम २ पर्यंत पोचते, त्यातही टोनरमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं असतात.

आता कोऱ्या भागाकडे पाहू. जुनी फिल्म पिवळसर पडते आणि पिवळा रंग नेमका हाच प्रकाश खातो. त्या पिवळेपणाने कोऱ्या भागाची डेन्सिटी ०.१ ने वाढली तर एक्सपोजर २६ टक्के वाढवावं लागतं, ०.३ ने वाढली तर दुप्पट. वेळ वाढवली की कमजोर काळ्या भागातून झिरपणारा प्रकाशही तेवढाच वाढतो. परिणामी बारीक अक्षरांच्या रेषा धुताना उघडत नाहीत, आणि वेळ कमी ठेवली तर स्टेन्सिल कच्चं राहून छापताना सुटतं. पिवळी फिल्म आणि फिका काळा रंग एकत्र आले, तर मधली योग्य वेळ सापडतच नाही.

म्हणून जुनी फिल्म थेट कामाला लावू नये. आधी इमल्शन कोट करून वाळवलेल्या फ्रेमवर चाचणी घ्यावी. जुन्या फिल्मचा कोरा तुकडा आणि त्याच जातीच्या नव्या फिल्मचा कोरा तुकडा शेजारी ठेवून पायरीपायरीने एक्सपोजर द्यावं, म्हणजे किती वेळ वाढवावी लागेल ते कळतं. मग काळा भाग ठेवून तेवढी पूर्ण वेळ द्यावी आणि धुवावं. तिथे इमल्शनचा पुसटसा पापुद्रा जरी उरला, तरी फिल्म बाद समजावी. तुरळक भोकं असतील तर ओपेकच्या (प्रकाश अडवणाऱ्या रंगाच्या) ब्रशने बुजवता येतात.

खराब होण्याची कारणं जातीनुसार वेगळी असतात. चांदीच्या फिल्ममध्ये हायपो (फिक्सरमधलं थायोसल्फेट) नीट धुतला गेला नसेल, तर उरलेल्या थायोसल्फेटमुळे चांदीचं सल्फाइड होतं आणि काळा रंग तपकिरीकडे झुकतो. फिल्मचा बेस, म्हणजे खालचं पारदर्शक प्लास्टिक, अ‍ॅसिटेटचा असेल तर कालांतराने व्हिनेगरसारखा वास येतो. अशी फिल्म कायमची आक्रसलेली असते आणि तिच्या वाफा शेजारच्या फिल्मलाही बाधतात, तेव्हा ती लगेच वेगळी करावी. इंकजेट फिल्मचा थर मुळातच पाणी शोषण्यासाठी बनवलेला असतो. दमट हवेत तो चिकट होतो, शाई फुटते, आणि डाय (विरघळणाऱ्या रंगाची) शाई असेल तर दर एक्सपोजरला थोडी विटतेही.

रजिस्ट्रेशनचा, म्हणजे वेगवेगळे रंग एकमेकांवर नेमके बसण्याचा, मुद्दा फारसा कुणी लक्षात घेत नाही. १०० मायक्रॉनच्या पॉलिएस्टरवर जिलेटिनचा थर असेल, तर आर्द्रतेच्या दर टक्क्यामागे फिल्म साधारण ०.००१५ ते ०.००२ टक्के वाढते. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारपासून ऑगस्टच्या झडीपर्यंत ५० टक्क्यांचा फरक सहज पडतो. ४०० मिलिमीटर लांबीत तो ०.३ ते ०.४ मिलिमीटर होतो. मंडळाच्या टी-शर्टला एवढं खपून जातं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी चार रंगी पॅनेल स्टिकर छापताना खपत नाही. चारही फिल्म एकाच दिवशी, एकाच रोलवर काढलेल्या असतील तर सगळ्या सारख्याच वाढतात आणि एकमेकींशी जुळतात. तीन जुन्या आणि एक नवी असं मिश्रण केलं की रंग सरकतो. एक खराब झाली तर सगळा संच नव्याने काढावा, आणि वापरण्यापूर्वी तो एक दिवस एक्सपोजरच्या खोलीतच ठेवावा.

ठेवताना फिल्म सपाट, दोन फिल्ममध्ये बटर पेपर घालून, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवावी. पीव्हीसीच्या पाकिटातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) टोनर उचलतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर उत्तम. बंद डब्यात सिलिका जेल ठेवावं आणि रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावं. ब्लीच, पेरॉक्साइड, नुकतंच ऑइलपेंट दिलेलं कपाट यांच्यापासून चांदीची फिल्म लांब हवी, कारण त्यांच्या वाफांनी चांदीचं ऑक्सिडेशन होऊन डाग पडतात. वर्षाचा आकडा कायम वेगळ्या पट्टीवर काढावा, म्हणजे बोधचिन्हाची फिल्म दरवर्षी तीच वापरता येते.

ऑफसेटची जुनी पॉझिटिव्ह स्क्रीनला लावताना तिची बाजू तपासावी. ऑफसेटसाठी इमल्शन (इथे फिल्मवरच्या काळ्या थराची बाजू) खाली ठेवून मजकूर सुलटा वाचता येतो, तर स्क्रीनसाठी इमल्शन वर ठेवून. चुकीची बाजू लावली की काळा भाग आणि जाळी यांच्यात फिल्मच्या जाडीएवढं अंतर राहतं, प्रकाश कडेने आत शिरतो आणि रेषा बारीक होतात.

कोणती टाकायची? मूळ फाइल संगणकावर असेल तर इंकजेट आणि बटर पेपर बिनदिक्कत टाकावेत. नवी प्रिंट स्वस्त पडते. फाइल नसेल, तर चांदीची फिल्म आधी १२०० डीपीआयवर, राखाडी छटा न ठेवता शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करावी. बऱ्याच इंकजेट फिल्मचा थर कोमट पाण्यात भिजवून स्पंजने निघतो. उरलेल्या स्वच्छ पॉलिएस्टरवर पुन्हा छापता येत नाही, पण रंग जुळवायला तो फार कामाचा. टेबलाला एका कडेने चिकटवायचा, त्यावर पहिला ठसा घ्यायचा, खाली माल सरकवून जागा पक्की करायची आणि मग शीट उलटून बाजूला करायची.

चांदीच्या फिल्ममध्ये चांदी फक्त काळ्या भागात असते, उरलेली केव्हाच फिक्सरमध्ये गेलेली. म्हणून मोजक्या अक्षरांच्या फिल्मला भंगारात फार भाव मिळत नाही. तरी ती चांदी काढणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडेच द्यावी. दुकानात जाळणं किंवा तेजाबात टाकणं टाळावं, दोन्हींतून विषारी धूर निघतो. फिक्सर गटारात ओतू नये; त्यातली विरघळलेली चांदी पाण्यातल्या जिवांना मारक असते.

औषधांची लेबलं, प्रमाणपत्रं, कंपन्यांच्या नेमप्लेट यांच्या फिल्म अखंड भंगारात गेल्या, तर त्यावरून नकली माल छापता येतो. त्या रजिस्ट्रेशनच्या खुणांसकट तिरक्या कापाव्यात आणि एकाच कामाच्या वेगवेगळ्या रंगांचे तुकडे वेगवेगळ्या वेळी द्यावेत.