तिरक्या फेकीचा वेग आणि त्वरण : एका कल्पनेची पार्श्वभूमी

तिरकी फेकलेली वस्तू सर्वांत उंच बिंदूवर पोहोचली की तिचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य होते, असा समज आजही पक्का आहे. प्रत्यक्षात तिथे शून्य होतो तो वेगाचा फक्त उभा भाग. आडवा वेग तसाच राहतो, आणि त्वरणही तेवढेच, खालच्या दिशेने, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे उमगायला माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली.

ॲरिस्टॉटलच्या मते हातातून सुटलेल्या दगडाला हवाच पुढे ढकलत राहते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हे खोडून काढले : फेकणारा दगडालाच जोर देतो, आणि तो जोर हळूहळू सरतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिडानने ही कल्पना पुढे नेली. १५३७ मध्ये इटलीतल्या टार्टालिया या गणितज्ञाने ४५ अंशांवर तोफेचा गोळा सर्वांत लांब जातो असे मांडले, पण त्याच्या आकृतीत गोळा आधी सरळ तिरका, मग वळून, शेवटी सरळ खाली येतो. ढकलणे आणि पडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, हे सुचायचे राहिले होते.

ते गॅलिलिओला सुचले. १६०८ च्या सुमाराचा त्याच्या टिपणांतला एक कागद मला त्याच्या छापील ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो. उतरणीवरून घरंगळलेली गोळी टेबलाच्या कडेवरून आडवी सुटते आणि ८२८ पुंतो खाली जमिनीवर पडते (पुंतो म्हणजे मिलिमीटरहून किंचित लहान माप). उतरणीची उंची ३०० असताना गोळी ८०० पुंतो दूर पडली. उंची दुप्पट केल्यावर गणिताने ११३१ यायला हवे होते, मोजमापात ११७२ आले. ४१ चा हा फरक त्याने स्वतःच्या हाताने शेजारी लिहून ठेवला. आडवा वेग टिकतो आणि उभा वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मार्ग परवलय (दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी कमानीसारखी वक्ररेषा) होतो, ही सिद्धता १६३८ मध्ये लायडनला छापली गेली.

तिच्यात हवेचा अडथळा जवळपास बाजूलाच राहिला होता. १७४२ मध्ये इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने लंबकावर बंदुकीची गोळी झाडून तिचा वेग मोजला. वेगवान गोळीला हवा तिच्या वजनाच्या कितीतरी पट विरोध करते, असे त्यातून दिसले. म्हणजे तिथे त्वरण स्थिर राहत नाही. वेगाच्या उलट दिशेने आणखी एक, सतत बदलणारे त्वरण त्यात मिसळते, आणि गोळीची उतरती बाजू चढत्या बाजूपेक्षा अधिक उभी होते.