राउटरमधील विनावापर स्विच पोर्ट

घरगुती आणि छोट्या कार्यालयांतील राउटरमध्ये बहुधा एकच इथरनेट स्विच चिप असते आणि पेटीच्या मागे दिसणाऱ्या सॉकेटांपेक्षा तिच्यावरचे पोर्ट अनेकदा जास्त असतात. मीडियाटेकच्या एमटी७६२१ या प्रोसेसरमध्येच बसवलेल्या स्विचचे उदाहरण घेता येईल. त्याचे ० ते ४ हे पाच पोर्ट तांब्याच्या केबलसाठी आहेत, तर ५ आणि ६ हे प्रोसेसरच्या बाजूचे आहेत. तरीही त्यावर उभारलेल्या शाओमीच्या मी राउटर ३जी या पेटीला एक वॅन (इंटरनेटच्या बाजूचे) आणि दोन लॅन (घरातील जाळ्याची) अशी तीनच सॉकेटे आहेत.

उरलेले दोन पोर्ट आणि केबल न लावलेले सॉकेट यांत फरक करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारचा निर्णय बोर्ड बनवतानाच झालेला असतो, म्हणून त्याची नोंद हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये होते. दुसरा प्रकार वापरणाऱ्याच्या मर्जीचा असल्याने त्याची जागा सेटिंगच्या फाइलीत आहे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्स-आधारित प्रणालीमध्ये एमटी७६२१च्या सामाईक वर्णनात हे पाचही पोर्ट मुळात बंद धरलेले असतात आणि प्रत्येक बोर्डाच्या फाइलीत फक्त खरोखर जोडलेले पोर्ट चालू करून त्यांना नावे दिली जातात. हीच पद्धत अधिक सुरक्षित म्हणावी लागेल, कारण विसरलेला पोर्ट यात आपोआप बंद राहतो. चिपमधील क्रमांक आणि पेटीवर छापलेला क्रमांक पुष्कळदा उलटे असल्याने प्रत्येक सॉकेटात केबल लावून खात्री करून घ्यावी लागते.

लिनक्समध्ये २००८ साली आलेल्या डीएसए या स्विच हाताळण्याच्या रचनेत प्रत्येक पोर्ट स्वतंत्र नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसतो आणि वर्णनात नसलेला पोर्ट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःहून बंद करतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या स्वकॉन्फिग (swconfig) पद्धतीत अशी सोय नव्हती. तेथे पोर्टांची विभागणी व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या आभासी जाळ्यांच्या, याद्यांनी होत असे आणि विनावापर पोर्ट सर्व याद्यांतून हाताने वगळावा लागे. प्रोसेसरच्या बाजूच्या पोर्टाला केबलचे सर्किट, म्हणजे फाय, नसते. त्यामुळे त्याची लिंक सक्तीने चालू ठेवली जाते, आणि म्हणूनच अशा दोन पोर्टांपैकी एक कशालाच जोडलेला नसेल, तर त्याच्यावर ही सक्ती राहणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते.

पोर्ट व्हीलॅनमधून काढला म्हणून त्याचे फाय झोपत नाही. ते पलीकडच्या जोडणीचा शोध घेत वीज खात राहते. त्यासाठी फायच्या शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधील (शून्यापासून मोजलेला) ११ क्रमांकाचा बिट १ करून ते वेगळे बंद करावे लागते.

एक अडचण मात्र डिव्हाइस ट्रीने सुटत नाही. वीज येताच अनेक स्विच चिपा साध्या स्विचप्रमाणे सर्व पोर्ट एकमेकांना जोडून टाकतात आणि ड्रायव्हर चालू होईपर्यंतचे काही सेकंद लॅन व वॅन एकाच जाळ्यात असतात. या काळात घरातला संगणक थेट सेवा पुरवठादाराच्या जाळ्यातून आयपी पत्ता घेऊ शकतो. हे टाळायचे तर पोर्ट बूटलोडरमध्येच, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्येच, बंद करावे लागतात.